दुसऱ्या पेशाची निनांग

मियागाओ या समुद्रकाठच्या गावात, बाजारामागे मांदिंगचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि त्या दुकानात एक नियम आहे: निनांगशिवाय दुसरा पेशा घ्यायचा नाही.

निनांग म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याला असते, लग्नाला असते, तशी मांदिंगच्या दुकानात खेळातल्या पात्रालाही असते. पुरुष असेल तर निनॉन्ग. तिथे सगळे जो खेळ खेळतात त्यात आरंभी एकच पेशा निवडायचा असतो. सैनिक, शिकारी, वैदू, अग्निविद्या, सावली, शापविद्या, असे पुष्कळ आहेत. गडी थोडा मुरला, बऱ्यापैकी राक्षस मारून झाले, की खेळ विचारतो, आता दुसरा कोणता? तो एकदा निवडला की निवडला. परत फिरता येत नाही. दोन पेशांची मोट नीट बांधली तर गडी लोखंडाचा होतो, आणि चुकली तर जन्मभर लंगडतो. एका वर्षी सुताराच्या मुलाने भलतीच जोडी निवडली आणि दुकानात बसून भोकाड पसरलं. तेव्हा मांदिंग म्हणाला, यापुढे दुसरा पेशा घेताना प्रत्येकाने एक निनांग करायची. तिचा सल्ला ऐकायचा, बटण मात्र स्वतः दाबायचं. पेशा घेणाऱ्याने सगळ्यांना साखरेत तळून काडीला टोचलेली केळी आणायची. आणि पात्र मेलं तर निनांगने कॉफी पाजायची.

"म्हणजे खापर फोडायला माणूस हवा, एवढंच ना?" लुविमिंडा फामातिद तेव्हा म्हणाली होती.

"हो. आणि ते डोकं तुमचंच असेल, नांग लुवी," मांदिंग म्हणाला. थोरल्या बाईला तिथे ताई म्हणावं तसं नांग म्हणतात.

तसंच झालं. दुकानातली निम्मी पात्रं लुवीची धर्मलेकरं आहेत.

लुवी तिथे खेळायला म्हणून गेलेली नव्हती. तिची बाजारात दुपारच्या जेवणाची खानावळ; नवरा देल्फिन मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत. त्याच्याशी तोंड बघून बोलायचं तर मांदिंगच्या दुकानात जावं लागायचं. जहाज किनाऱ्याजवळ आलं की देल्फिनला सिग्नल मिळणार, आणि तो कधी मिळेल हे त्या समुद्रालाच ठाऊक. लुवी भांडी घासून, झग्यालाच हात पुसून तिथे जाऊन बसायची आणि वाट बघायची. समोर काळा पडदा. एकदा मांदिंग म्हणाला, नुसत्या काळ्या पडद्याकडे काय बघता, हे बघा. त्याने खेळ लावून दिला. लुवीने एक बाई निवडली, तिला आपल्या आजीचं नाव दिलं, ओसांग, आणि अग्निविद्या घेऊन तिच्या हाती जाळ दिला. त्या दिवशी देल्फिनचा सिग्नल आला तेव्हा लुवी म्हणाली, "जरा थांब, हा कोळी मारते."

पुढे ओसांगने दुसरा पेशा घेतला तो सावलीचा. जाळ फेकायचा आणि दिसेनासं व्हायचं. अंगावर चिलखत नाही, कातडी कागदाएवढी, पण जिथे मार बसणार तिथे ती नसायचीच. आणि लुवीने ती एकाच जिवावर खेळायला घेतली होती. त्या प्रकारात मेलेलं पात्र परत उठत नाही. नाव, हत्यारं, वर्षांची कमाई, सगळं मातीला मिळतं. ओसांग कधी मेली नाही. मियागाओत तेवढं जुनं पात्र दुसरं नव्हतं.

आणि लुवीचा सल्ला अचूक असायचा. एकदा आरोग्यकेंद्रातली नर्स जेसा मे आपला शिकारी घेऊन आली होती.

"नांग लुवी, सांगा ना. सैनिक घेऊ का वैदू?"

"तू लढताना काय करतेस?"

"लांब उभी राहून बाण मारते."

"आणि कोणी जवळ आलं की?"

"पळते."

"मग पळणाऱ्याला ढाल कशाला? ओझं. वैदू घे, पळता पळता जखमा भरतील."

"पण सैनिक किती छान दिसतो."

"छान दिसणाऱ्याशी लग्न करून बघ, मग ये माझ्याकडे," लुवी म्हणाली, आणि दुकानातल्या बायका हसल्या. मग तिने नेहमीचं सांगितलं: "एक पेशा घरधनी, दुसरा सोबती. दोघंही घरधनी व्हायला निघाले की चूल पेटत नाही. गुण मिळाले की मोठ्याला आधी वाढायचं, उरलं ते धाकट्याला. निम्मे-निम्मे केलेस तर दोघंही उपाशी राहतील."

हे सगळं ज्ञान तिला तोंडपाठ होतं. पण देल्फिन कायमचा घरी आला, आणि एका म्यानात दोन तलवारी कशा ठेवायच्या हे मात्र तिला सुचेना.

त्याच्या गुडघ्याने दगा दिला होता. जहाजावरून उतरला, बरोबर दोन पेट्या, एक छोटं कॉफीचं यंत्र, आणि रिकामे हात. पहिल्या आठवड्यात त्याने नळ दुरुस्त केला, पंख्याचं कुरकुरणं बंद केलं, दाराला तेल दिलं. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा तो खानावळीत आला. लुवीच्या कढया त्याने लहान-मोठ्या अशा ओळीने टांगल्या. मसाल्यांच्या डब्यांवर पट्ट्या चिकटवल्या. भात वाढताना हात फार सैल सुटतो म्हणून गिऱ्हाइकांसमोर तिला सुनावलं.

"देल, हे जहाज नाही," ती म्हणाली.

"जहाज असतं तर तू केव्हाच बुडवलं असतंस."

"वीस वर्षं तरंगतंय. तू नसताना."

हे बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. त्याने हातातला डाव खाली ठेवला आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला. बंदुरियाओ माशाचं कालवण त्या दिवशी खारट झालं.

मग तिने त्याला मांदिंगकडे नेलं. दोघांच्या मध्ये एखादा राक्षस असलेला बरा, असा तिचा हिशेब. देल्फिनने सैनिक घेतला. दुसरं काय घेणार? त्याला नाव दिलं 'फिटर'. हळू चालायचा, प्रत्येक दार दोनदा तपासायचा, औषधाच्या बाटल्या रांगेने लावायचा. पोरीबाळी त्याला हसायच्या, पण तो रोज दुपारी जायचा. घरात कढयांना हात लावायचा बंद झाला. लुवी मनात म्हणाली, जमतंय.

तेवढ्यात मनिलाहून एजन्सीचा फोन आला. एका जुन्या जहाजावर माणूस हवा होता. गुडघ्याचं त्यांना चालणार होतं; खाली उतरायचं काम नाही, देखरेखीचं. फिएस्टा, म्हणजे गावची जत्रा, झाल्यावर उत्तर द्या म्हणाले.

लुवी मासे साफ करत होती. देल्फिन समोर बसून खवले बाजूला सारत होता.

"जातोस?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

त्याने खवल्यांचा ढीग हाताने एकसारखा केला. "इथे सगळं तुझं तू करतेस. चांगलं करतेस. मी मध्ये लुडबुडतो. जहाजावर निदान मी नसलो तर कुणीतरी हाक मारतं."

लुवीला म्हणता आलं असतं, की मी मारते ना हाक. तिने माशाचं पोट चिरलं आणि म्हणाली, "फिएस्टाला जोडीची शर्यत आहे. माझी जोडीदार पासिंग दुबईला गेली. तुझा फिटर घेऊन ये माझ्याबरोबर."

"ओसांग मरेल."

"ओसांग कुणाच्या मारण्याने मरत नाही."

"ठीक," तो म्हणाला. "त्यात तुझ्या कामाचा ठरलो तर बघू. नाही ठरलो तर जहाज आहेच."

अशी ती गोष्ट सुऱ्या-खवल्यांत ठरली. दोघांनीही पुढे तिचा उल्लेख केला नाही, पण त्या दिवसापासून घरात ती तिसऱ्या माणसासारखी राहायला आली.

शर्यत म्हणजे अशी: फिएस्टाच्या दुपारी, मिरवणूक चर्चमध्ये परतली आणि जेवणं उरकली, की दुकानात जोड्या शेजारी शेजारी बसतात. एकाच जिवाची पात्रं. गुहेच्या तळाशी हाडांचा राजा आहे, त्याला पाडायचं. दोघांतला एक जरी जिवंत वर आला तरी जोडी पास.

फिटरला दुसरा पेशा घ्यायची वेळ फिएस्टाच्या थोडी आधी आली. लुवीने सगळा विचार करून ठेवला होता. सैनिकाला वैदूची जोड. जखमा भरत राहतील, मरणार नाही, मागे मागे चालत राहील. ओसांग पुढे जाऊन काम उरकेल, जसं नेहमी उरकते. ती खानावळ जरा लवकर बंद करून, केस विंचरून दुकानात गेली. नवऱ्याची निनांग व्हायचं म्हणजे थोडं नीटनेटकं नको का?

दुकानात केळ्यांचा वास पसरला होता. सगळे खात होते. देल्फिनही खात होता.

"घेतलास?" तिने विचारलं.

"घेतला."

"निनांग कोण?"

मांदिंगने खुर्ची जरा मागे सरकवली. "नांग लुवी, मला विचारलं त्यांनी. मी नाही कसं म्हणणार?"

"आणि पेशा कोणता?"

"शापविद्या," देल्फिन म्हणाला.

जेसा मेच्या तोंडातलं केळं तसंच राहिलं. शापविद्या म्हणजे लांबून मंत्र टाकून शत्रूला खिळखिळं करणाऱ्यांचं काम. ते हाती ढाल घेतलेल्या सैनिकाला म्हणजे म्हशीला पैंजण. बरं, घेतलीच तर दोन-चार गुण द्यावेत; याने सगळे गुण एकाच शापात ओतले होते. फिटरच्या भोवती आता जांभळा गोल फिरत होता. त्या गोलात जो शत्रू येईल त्याची जाळापासून वाचवणारी कातडी गळून पडायची. आणि फिटरकडे जाळ नव्हता. ठिणगीसुद्धा नव्हती.

"तुला जाळ फेकता येतो का?" लुवीने विचारलं.

"नाही."

"मग त्यांची कातडी सोलून काय करणार? आमटी?"

बायका हसल्या. देल्फिनही जरा हसला आणि तिच्यापुढे केळ्यांची काडी धरली. तिने घेतली नाही. घरी जाताना वाटेत तिने विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"मग?"

"मग मी ऐकलं असतं," तो म्हणाला, आणि गुडघा सांभाळत पुढे चालू लागला.

फिएस्टापर्यंत लुवीने गावभर त्या जोडीची टर उडवली. आमचा फिटर, तेल नसलेला दिवा, असं म्हणायची. मनातून मात्र ती धास्तावली होती. तिला ओसांगची काळजी नव्हती, खरंच नव्हती. हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला बिनकामाचा ठरवून जहाजावर जायला निघालाय, असं तिला वाटत होतं. शर्यत आपण एकटीच्या बळावर मारू आणि वर म्हणू की तुझ्यामुळे जिंकलो, एवढाच तिचा बेत होता.

फिएस्टाच्या दिवशी तिने पहाटेपासून भाजलेल्या डुकराच्या आणि शेवयांच्या परातीच्या पराती वाढल्या. देल्फिनने लांबच्या नातेवाइकांसाठी खुर्च्या आणल्या आणि कढयांच्या वाटेला गेला नाही. दुपारी दोघं मांदिंगकडे शेजारी बसले. मागे अर्धा बाजार उभा होता, तेलकट हातांनी.

वरचे मजले सहज गेले. ओसांग पुढे, फिटर मागे. ओसांग सावलीत शिरायची, दहा पावलं पुढे निघायची, जाळ टाकायची, आणि फिटर ढाल घेऊन पोचेपर्यंत तिथे राखच असायची.

"लुवी, जरा हळू," देल्फिन दोनदा म्हणाला.

"तू ये सावकाश."

राजाच्या दालनातही ती तशीच शिरली. इतकी वर्षं जोडीदाराच्या पुढे एकटीनेच शिरत आलेली बाई, दाराशी थांबायचं तिला सुचलंच नाही. तिने जाळ टाकला. राजाच्या हाडांवरून तो पाण्यासारखा ओघळून गेला. पुन्हा टाकला. काही नाही. एकाच जिवाच्या खेळात त्या वर्षी राजाला जाळाविरुद्ध नवं कवच दिलं होतं, आणि ते तिला पासिंगने कळवलं असतं, पण पासिंग दुबईला. राजाने हात फिरवला. सावलीत शिरायच्या आतच ओसांगला तो लागला. रक्ताची लाल पट्टी वाळलेल्या मिरचीएवढी उरली.

लुवी ओसांगला उजवीकडे पळवू लागली, जिथे ती नेहमी पळायची, एकटी, भिंतीच्या कडेने.

"लुवी," देल्फिन म्हणाला. आवाज चढवला नाही. इंजिनखोलीत म्हणे आग लागली तरी हळूच बोलतात. "तिकडे नको. माझ्या गोलात ये."

"तू हळू चालतोस."

"म्हणूनच. मी तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तू ये."

एवढ्या वर्षांत ओसांग कधी कुणाकडे वळून आली नव्हती. लुवीने तिला वळवलं. राजा मागून आला, आणि तिच्यामागोमाग तोही जांभळ्या गोलात शिरला. तिने जाळ टाकला.

ते कवच कागदासारखं भडकलं.

तेव्हा तिला उलगडलं. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली. हा शाप फिटरसाठी घेतलेला नव्हताच. एका पात्राची जोडी कशी जुळवायची ते तिला पाठ होतं. याने दोन पात्रांची एक मोट बांधली होती. याचा घरधनी शेजारच्या खुर्चीवर होता.

"टाकत राहा," देल्फिन म्हणाला. "माझ्याकडे बघू नकोस."

ती टाकत राहिली. राजाची हाडं एकेक करून गळू लागली. शेवटी त्याने हात उगारला तो ओसांगवर. मिरचीएवढा जीव, सावलीत शिरायला वेळ नाही. फिटर आपल्या नेहमीच्या चालीने, दार तपासायला निघाल्यासारखा, एक पाऊल पुढे झाला. वार त्याच्यावर बसला. ढाल फुटली. फिटर पडला. ओसांगचा पुढचा जाळ राजाच्या कवटीत गेला आणि दालन रिकामं झालं.

लोकांनी आरडाओरड केली, मांदिंगने टेबल बडवलं. लुवीने हात मांडीवर ठेवले. देल्फिनच्या पडद्यावर फक्त नाव उरलं होतं, फिटर, आणि खाली राखाडी अक्षरांत तो कुठे पडला ते.

"गेला," ती म्हणाली.

"गेला."

"मांदिंग," ती वळून म्हणाली, "निनॉन्ग ना तू? कॉफी."

मांदिंग निमूट उठला. पेल्यांतून कॉफी आली, दुकानातल्या सगळ्यांनी फिटरसाठी प्यायली, आणि जेसा मेने त्याच्या रांगेने लावलेल्या औषधांच्या बाटल्यांची आठवण काढली. देल्फिनने पेला संपवून बाकीच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. मग म्हणाला, "आता नवा घ्यायचा म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"दुसऱ्या पेशापर्यंत पोचायला बराच वेळ लागेल."

"तुझ्या चालीने? लागेल."

"आणि जहाजावर हा खेळ चालत नाही," तो म्हणाला.

"तिथे सिग्नलच कुठे असतो?" लुवी म्हणाली. एजन्सीला त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं, कट्ट्यावर बसून. तिने खानावळीतून सगळं ऐकलं आणि त्या वेळी भाताचा हात मुद्दाम सैल सोडला.

सगळं एकदम सुरळीत झालं असं कुणी समजू नये. मसाल्यांच्या डब्यांवरून पुढच्या आठवड्यातही वाजलं. पण कढया आता त्याने लावल्या तशाच टांगलेल्या असतात, कारण वाकावं लागत नाही हे तिच्या कमरेने कबूल केलं आहे. आणि भात ती वाढते, त्यात तो तोंड घालत नाही.

ओसांगला तिने खेळातल्या गावात शेकोटीपाशी उभं करून ठेवलं. तिच्यावर पुन्हा बोट ठेवलं नाही. जिवंत आहे, बसू दे. देल्फिनने नवा गडी घेतला तसा तिनेही घेतला. तिने या वेळी ढाल घेतली, आणि मांदिंगला वाटलं यंत्रात बिघाड झाला.

एका दुपारी खेळाने तिला तो प्रश्न विचारला. आता दुसरा कोणता? दुकान भरलेलं होतं. लुवीने बटणाकडे हात नेला आणि परत आणला.

"नांग लुवी अडल्या," जेसा मे म्हणाली.

"अडले नाही. नियम आहे ना. निनांग लागते."

"तुमची कोण होती? ओसांगच्या वेळी?"

"कोणी नव्हतं. तेव्हा नियमच नव्हता." मग तिने शेजारच्या खुर्चीकडे मान वळवली. "देल, निनॉन्ग होतोस?"

देल्फिन औषधाच्या बाटल्या रांगेने लावत होता. त्याने ती रांग पुरी केली.

"सांगितलेलं ऐकशील?"

"ऐकेन. बटण मी दाबणार."

"मग खुर्ची इकडे ओढ," तो म्हणाला. "आणि आधी केळ्यांचं सांग मांदिंगला. या दुकानात तुझ्याकडची केळी अजून कुणी खाल्लेली नाहीत."